आकड्यातली माणसे

परदेशात एक खेळ आहे. कोणीतरी एक डबी दडवून ठेवायची, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि इतरांनी ती हुडकून आतल्या वहीत आपले नाव लिहायचे. २००० साली अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात हा खेळ सुरू झाला. काही मंडळी अशी डबी मुद्दाम दफनभूमीजवळ ठेवतात. खेळाच्या निमित्ताने का होईना, कोणी विस्मृतीत गेलेल्या सैनिकाच्या थडग्यापाशी थांबावे, शिळेवरचे नाव वाचावे, एवढाच हेतू.

हे वाचले आणि मनात आले, आपल्या मेढ्याकडे अशी डबी ठेवायची तर कोठे? आपल्याकडे दहन होते, थडगे उरत नाही. वीरगळ मात्र आहेत. वाई तालुक्यातील किकलीला तर ते रांगेने उभे आहेत. खाली लढाई, त्यावर अप्सरा, वर शिवपूजा आणि शिखरापाशी चंद्रसूर्य! पण बहुतेक शिळांवर नाव नाही. सातारा तालुक्यातील अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात पडले, हे जिल्ह्यात सर्वांना ठाऊक असते. त्या ४६ पैकी एकाचे तरी नाव आपल्यापैकी किती जण सांगतील?

आमच्या घराण्यातला एक असाच आकड्यात गेला. माझ्या पणजोबांचे थोरले चुलते त्या युद्धात गेले, ते परतलेच नाहीत. घरात त्यांना सगळे ‘बसरावाले’ म्हणतात. नाव विचारले की आजी म्हणते, “थोरल्या आत्याबाई धन्याचं नाव कधी घेत न्हवत्या. मग आमी सुनांनी कसं घ्यावं?” त्यांना मूलबाळ नव्हते, म्हणून कोणाच्या नावापुढे वडिलांचे नाव म्हणूनही ते लागले नाही. बायकोने आदराने गिळलेले नाव पुढे घराच्याही तोंडून गेले.

आणि सरकारदरबारी? मेसोपोटेमियात मराठा पलटणी लढल्या. कुतच्या वेढ्यात अडकलेली सहावी डिव्हिजन पुण्याची होती; २९ एप्रिल १९१६ रोजी ती शरण गेली. बसऱ्याला मृतांचे मोठे स्मारक उभारले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. हिंदी सैनिकांपैकी मात्र अधिकाऱ्यांची तेवढी नावे आणि साध्या शिपायांची नुसती संख्या. ही असमानता युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या कॉमनवेल्थ आयोगाने २०२१ साली आपल्या अहवालात मान्य केली. म्हणजे घरी आदराने नाव घेतले नाही आणि तिकडे अनादराने लिहिले नाही. शिपायाच्या वाट्याला दोन्हीकडून मौनच आले!

त्या आयोगाच्या यादीत आता अनेक हिंदी शिपायांची नावे शोधता येतात. काहींपुढे बापाचे नाव व गावही असते. जुन्या कागदांवरून पणजोबांच्या आजोबांचे नाव मला मिळाले आहे. त्या नावाचा मुलगा आणि आमचे गाव, एवढ्या खुणेवर मी शोधतो आहे. अजून सापडलेले नाही.

मित्रहो, आपल्या जावळी खोऱ्यात पलटणीत माणूस न गेलेले घर विरळाच. या सुट्टीत घरातल्या सर्वांत वृद्ध माणसापाशी बसा, विचारा आणि मिळेल ते नाव वहीत लिहून घ्या. माझी आजी ऐंशीची आहे. तुमच्या घरीही वेळ फार उरली नसेल.