पाय कुठे टेकतो

सव गावात उंच इमारत नव्हती, माड होते. सावित्रीकाठच्या आमच्या गावात, गरम पाण्याच्या झऱ्यांकडे जाताना, मी पहिली उंची मोजली ती माडाची. काठी उभी रोवायची. तिची सावली तिच्याएवढी झाली की धावत जाऊन माडाच्या सावलीच्या टोकाला दगड ठेवायचा. बुंध्यापासून दगडापर्यंत जेवढं अंतर, तेवढा माड उंच.

पुढे महाडला कोन मोजणारा थिओडोलाइट हाती आला. काठीच्या जागी दुर्बीण आली, तरी त्रिकोण तोच राहिला. अडचण असते मागे सरकण्याची. वीस मीटर उंचीची इमारत गल्लीत पाच मीटरवरून पाहिली, तर कोनातली एका अंशाची चूक दीड मीटरच्या घरात जाते. वीस मीटर मागे गेलं की तीच सत्तर सेंटीमीटरवर येते. म्हणून मी आधी मोकळी जागा शोधतो, मग तिपाई उघडतो. पायथ्याशी पोचताच येत नसेल, तर एका रेषेत दोन ठिकाणांहून कोन घ्यायचे आणि त्या दोन ठिकाणांमधलं अंतर मोजायचं. रायगडचा टकमक कडा खालून असाच मोजता येतो.

शेंडा दुर्बिणीत सापडतो. वाद होतो तो पायाचा. उंची कुठून धरायची? रायगड समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर, पण पायथ्याच्या पाचाडहून चढणाऱ्याचे पाय तेवढे मोजत नाहीत. इमारतीचंही तसंच. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात, जोतं बुडत जातं, आणि वरचं काहीही न हलता इमारत बुटकी होते.

जुलै २०२१चा पूर ओसरल्यावर महाडात भिंतींवर गाळाची रेघ राहिली होती. एका दारात मी लेव्हल लावली होती. घरातल्या काकूंनी विचारलं, "दादा, माळ्याची फळी रेघेच्या किती वर आहे?" इतक्या वर्षांत मला सगळ्यांनी गच्चीची उंची विचारली होती. मी पट्टी धरायला लावली, दोनदा वाचलं आणि सांगितलं, "चौदा सेंटीमीटर, काकू."

त्यांनी गाळ पुसायच्या आधी रेघेवर खिळा ठोकून घेतला.