चेकचे सगेसोयरे

अहो, चेक! साधा चेक! बँकेत वटतो तो, शर्टावर असतो तो, दवाखान्यात ‘अप’ लावून होतो तो, आणि रिक्षावाल्याला आपण ‘मुलुंड चेकनाका’ सांगतो तोही. एकमेकांचं तोंड न बघणारी ही चार बिऱ्हाडं. पण शब्दकोशातली व्युत्पत्ती वाचली आणि मी उडालेच. तेव्हापासून घरात भेटेल त्याला धरून हेच सांगत सुटले आहे. आज तुम्ही सापडलात.

हे सगळे चेक एकाच घरातले! आणि घराच्या दारावर पाटी आहे ‘शाह’. फारसीतला शाह, म्हणजे राजा.

बुद्धिबळात राजावर हल्ला झाला की इराणात ‘शाह!’ असा पुकारा व्हायचा. राजा सांभाळ बाबा! खेळाबरोबर तो पुकारा अरबांकडे गेला, अरबांकडून युरोपात. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा ‘एशेक’ झाला, इंग्लंडात पोचेपर्यंत ‘चेक’. आणि ‘चेस’? ते याच एशेकचं अनेकवचन! आपण मात्र पुकारा फारसीतून थेट उचलला : शह. म्हणजे नागपूरच्या दिव्या देशमुखनं २०२५ साली महिला विश्वचषक जिंकताना ‘चेक’ दिले म्हणा नाहीतर ‘शह’ दिले म्हणा, शब्द एकच, वाटा तेवढ्या दोन. ‘चेकमेट’मधला ‘मेट’ही परका नाही. तो ‘शाह मात’मधला मात, आपण संकटावर करतो ती!

आता अर्थ कसे सरकले बघा. शह बसला की मनातली चाल सोडून आधी राजाकडे बघावं लागतं. म्हणून चेक म्हणजे अडवणं. अडवणं म्हणजे आवर घालणं. आणि अडवलंच आहे तर तपासून घ्यायचं! चेकनाक्यावर वेगळं काय व्हायचं? गाडी अडवा, बघा, सोडा. मुंबईची जकात २०१७ साली गेली, रिक्षावाल्याच्या तोंडात नाका तसाच आहे.

पण मला खरं वेड लावलं ते एका टेबलानं. बाराव्या शतकातलं इंग्लंड. राजाचा खजिनदार दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबलाशी बसलाय. वर काळं कापड, त्यावर आखलेल्या रेघा. पौंड, शिलिंग, पेन्स यांचे रकाने वेगळे, आणि त्यांत सोंगट्या मांडून वसुलीचा हिशेब चाललाय. समोर परगण्याचा शेरीफ, घाम पुसत असणार. रिचर्ड फिट्झनील हा स्वतः खजिनदार. त्यानंच या कारभारावर ग्रंथ लिहून ठेवलाय आणि त्यात तो म्हणतो की हा बुद्धिबळाचाच पट, लढत खजिनदार आणि शेरीफ यांची. पटाला फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’. त्यावरून खात्याचं नाव पडलं एक्सचेकर. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणवतो. पटाचा कारभारी! चौकड्यांच्या कापडाला ‘चेक्स’ म्हणतात तेही याच पटावरून. तेव्हा दुकानात ‘जरा चेक्समध्ये दाखवा’ म्हणताना आपण इराणच्या राजाला हाक मारत असतो. दुकानदाराला हे सांगून पाहिलं. त्यानं प्लेन काढून दाखवले.

बँकेतला चेक आला तपासणीतून. हुंडीत कोणी खाडाखोड करू नये म्हणून तिची एक प्रत, म्हणजे स्थळप्रत, राखून ठेवत, ती ‘चेक’. पुढे नाव सरकत सरकत खुद्द कागदालाच चिकटलं. इंग्रजांनी त्याचं स्पेलिंग एक्सचेकरच्या वळणावर नेऊन ‘क्यू’ लावला, अमेरिकनांनी लावला नाही, आणि देवनागरीत तर ही भानगडच नाही.

थांबा, अजून आहे. राज्यशास्त्रात ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणतात ना? न्यायालयानं सरकारला आवरावं, संसदेनं मंत्र्यांना जाब विचारावा, लोकशाहीचा कणाच तो. त्यातला चेक म्हणजे शाह. आणि लोकशाहीतली ‘शाही’? तीही तीच! निजामशाहीत होती, आदिलशाहीत होती, ती आता लोकांच्या नावामागे येऊन बसली. एक शाह राज्य करतोय, दुसरा त्याला शह देतोय. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या, खोटं नाही सांगत.

आणि शाहच्या मागे जावं तर जुन्या इराणीत राज्य करण्याचा धातू भेटतो, आपल्या ‘क्षत्र’चा सख्खा भाऊ. म्हणजे क्षत्रिय आणि चेकबुक भावकीतले! इराणी सम्राटांच्या सुभेदारांची पदवी ‘क्षत्रप’, तीही याच कुळातली. ती पदवी कोरलेली बघायला इराण कशाला, नाशिक पुरे. पांडवलेण्यात दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात काय लिहिलंय? ठेव! भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण नाणी त्यानं गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेवली. दोन हजार एका श्रेणीत, दरमहा शेकडा एक व्याजानं. हजार दुसरीत, शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढं वापरायचं. एकाच गावात दोन दर, आणि दोन्ही दगडात कोरलेले! त्या विणकरांच्या मागावर चौकडीचं कापड निघत होतं का, एवढं कुणीतरी मला सांगा.