खंडेनवमीची वाट पाहू नका

आमच्या वाडीतल्या एका तरुणाला गेल्या पावसाळ्यात पीक संरक्षणासाठी बंदुकीचा परवाना मिळाला. बारा बोअरची एकनळी बंदूक घेऊन तो एका संध्याकाळी आमच्या ओसरीवर आला. भात पोटरीला आले होते, रानडुकरे रोज रात्री खळग्यातून वर येत होती. आता पुढचे दोन-अडीच महिने ही बंदूक रोज त्याच्या खांद्यावर राहणार होती.

"काकानू, ही किती दिवसांनी साफ करूची? खंडेनवमीक काढतंवच. तेवढा पुरात मा?"

मी लष्करात सतरा वर्षे काढली, म्हणून त्याने मला विचारले. पण त्याला उत्तर द्यायच्या आधी मी आमच्या आबांची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगतो, कारण बंदूक असलेल्या पुष्कळ घरांत अजून खंडेनवमीचाच हिशेब चालतो.

1978 साली मी बारा वर्षांचा होतो. आबांची काडतुसाची बंदूक माजघराच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवी असायची. होळीनंतर तिला कोणी हात लावत नसे. खंडेनवमीला आई ती खाली घ्यायला सांगे. कोयते, पाळ, कुऱ्हाड, नांगराचा फाळ यांच्या ओळीत बंदूक मांडली जाई. आबा वरून फडके फिरवत, ओले कुंकू लावत, झेंडूची माळ घालत. नळी बाहेरून अशी चकाकायची की आम्हा पोरांना त्यात तोंड दिसे.

त्या वर्षी पूजा झाली आणि दुसऱ्याच रात्री मळ्यात डुकरे आली. आबा बंदूक घेऊन निघाले. बांधावर अंधारात त्यांनी मागून काडतूस घातले, बंदूक मिटली आणि डुकरांना पळवण्यासाठी चाप ओढला. आवाज नेहमीपेक्षा वेगळा आला, एवढे मला घरात अंथरुणावरही कळले. नळी डाव्या हाताच्या जरा पुढे फुटली होती. तालुक्याच्या दवाखान्यात आबांचा जीव वाचला, पण डाव्या हाताची दोन बोटे गेली.

नळीत कुंभारीण माशीने मातीचे घर केले होते. पावसाळ्यात आपल्या घरांच्या कोपऱ्यांत, दाराच्या भोकांत ती घर करतेच. आडव्या टांगलेल्या नळीसारखी आयती जागा तिला दुसरी कुठे मिळणार? काडतूस मागून जाते, त्यामुळे पुढची माती कळली नाही. दारूच्या वायूला वाट मिळाली नाही की पोलाद फाटते. मातीच्या जागी कापडाचा विसरलेला बोळा असला तरी तेच होते.

आबा मग कितीतरी वर्षे एकच वाक्य बोलत. "झिला, नळी एकदा उजेडाक धरून बघूक व्हयी होती."

1984 साली मी मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालो. बेळगावच्या केंद्रात आमच्या उस्तादांनी पहिल्या आठवड्यातच सफाईचा धडा दिला. रायफल चालवली असो वा नसो, रोज उघडायची, चिंदी नळीतून ओढायची आणि उजेडाकडे धरून पाहायची. कंटाळा यायचा. हळूहळू लक्षात आले की सफाई ही चकाकीसाठी नसते. त्या निमित्ताने माणूस हत्यार रिकामे करतो, उघडतो आणि आत पाहतो. आबांच्या बंदुकीला चकाकी होती, आत पाहणे तेवढे राहिले होते.

माझा एक जुना सोबती निवृत्तीनंतर रखवालीच्या नोकरीला लागला. त्याच्या कमरेला रोज रिव्हॉल्व्हर असते. चालवायची वेळ त्याच्यावर आलेली नाही, तरी तो रोज रात्री ते रिकामे करून पुसतो. कमरेचा घाम खारा असतो, कपड्याचे सूत आणि धूळ फटीत शिरते, चामड्याचे म्यान दमट राहते. न चाललेले हत्यारही अंगावर राहून गंजते. आपल्या खांद्यावरच्या बंदुकीला घामाच्या जोडीला दव आणि पाऊस असतो, आणि किनाऱ्याकडच्या गावांत खारा वाराही असतो.

तर किती दिवसांनी? मी त्या मुलाला सांगितले ते असे.

बार काढला असेल तर त्याच रात्री, फार तर दुसऱ्या सकाळी सफाई करावी. नुसती खांद्यावर फिरवली असेल तर घरी आल्याबरोबर रिकामी करून, कोरड्या फडक्याने पुसून, वर तेलाचे बोट फिरवावे. पावसाळ्यात आठ दिवसांनी आतून-बाहेरून पुरती सफाई. उन्हाळ्यात बंदूक खुंटीवर असली तरी महिन्यातून एकदा. आणि घराबाहेर पडण्यापूर्वी, काडतूस घालण्याआधी, नळी उघडून आरपार पाहणे हे रोज, न चुकता.

ज्यांच्याकडे ठासणीची बंदूक आहे त्यांना मात्र दुसऱ्या दिवसाचीही सवलत नाही. काळ्या दारूत सुमारे 75 भाग सोरा, 15 भाग कोळसा आणि 10 भाग गंधक असतो. तिची काजळी हवेतली ओल मिठासारखी ओढून घेते आणि एका दमट रात्रीत नळी खाऊ लागते. ही काजळी नुसत्या तेलाने जात नाही. साबणाच्या कढत पाण्याने धुवावी, कोरडी करावी, मगच तेल द्यावे. या बंदुकीतून आरपार दिसत नाही, म्हणून गजावर खूण करून ठेवावी. नळी रिकामी असताना गज तळापर्यंत गेला की तोंडाशी जिथे येतो तिथे खाच पाडावी. पुढे कधी गज खाचेपर्यंत गेला नाही, तर आत बार आहे किंवा काहीतरी अडकले आहे असे समजावे.

आता पद्धत. आधी बंदूक रिकामी करावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवावीत. सफाई करताना सुटलेल्या गोळीने माणसे दगावली आहेत, आणि प्रत्येक वेळी ती बंदूक रिकामी आहे असेच समजलेले असते. म्हणून डोळ्यांनी पाहावे आणि बोटानेही चाचपावे. पोरेबाळे जवळ नकोत, नळीचे तोंड माणसांकडे किंवा घराकडे नको. मिटलेल्या बंदुकीच्या तोंडाला डोळा कधीही लावू नये. उघडून मागच्या बाजूने पाहावे.

मग मागून तोंडाकडे कोरडी चिंदी घालावी. नंतर रॉकेलात भिजवलेली, पुन्हा कोरडी, आणि चिंदी स्वच्छ येईपर्यंत हेच. शेवटी शिलाई यंत्राच्या तेलाचा पातळ हात. आपल्याकडे घरचे खोबरेल हाताशी असते, पण ते थंडीत थिजते आणि घोड्याची, चापाची हालचाल अडते. तेल जास्तही नको. ते ओघळून दस्त्याच्या लाकडात मुरते. बंदूक बाहेर नेण्यापूर्वी नळीतले तेल कोरड्या चिंदीने टिपून घ्यावे. गवसणीत घालून ठेवू नये, कापडात ओल धरते. निवडणुकीच्या वेळी जमा करायची नोटीस आली तर तेल देऊनच द्यावी, आणि परत मिळाली की पहिले काम सफाईचे.

जाता जाता आणखी एक. परवाना ज्याच्या नावाचा, बंदूक त्याच्याच हाती. आणि बंदूक आहे म्हणून जनावर मारायची मोकळीक मिळत नाही. 1972 चा वन्यजीव कायदा आहे, वन खात्याची परवानगी लागते.

तो मुलगा सगळे ऐकून गेला. मला वाटले, एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून दिले असेल. दिवाळीच्या सुमारास एका रात्री मी मळ्याकडे निघालो होतो, तर तो त्याच्या खळ्यात बिजलीच्या दिव्याखाली उभा होता. बंदूक मधून उघडलेली, नळी दिव्याकडे धरलेली. त्याने मला पाहिले नाही. पाहून झाल्यावर त्याने खिशातून काडतूस काढले, पण तिथे घातले नाही. बंदूक तशीच उघडी ठेवून तो बांधाकडे चालू लागला. मला आबांचा हात आठवला.

खंडेनवमीला मी अजूनही बंदूक पूजेला मांडतो. कुंकू दस्त्याला लावतो, नळीला लावत नाही. पूजा उठली की ती पुन्हा पुसतो, उघडतो आणि उजेडाकडे धरतो.