पानासकट

जुनं पुस्तक स्कॅन करायचं ते मजकुरासाठी, असं मी बरीच वर्षं मानत होतो. बीदरजवळच्या आमच्या जनवाड्यात, भालकी-औरादकडच्या घरांत कुणी कापडात बांधलेली पोथी दाखवली, की मी म्हणायचो, शिवलीलामृत कुठल्याही जत्रेत मिळतं, याला स्कॅनर कशाला? स्कॅन केलंच तर निव्वळ काळं-पांढरं. फाइल लहान, अक्षर स्पष्ट. आज मला हे पटत नाही.

मन वळवलं ते शिळाछापाच्या पोथ्यांनी. त्यात खिळे जुळवत नाहीत. लेखनिक तेलकट शाईनं खास कागदावर लिहितो, ते अक्षर दगडावर उतरवतात. दगड ओला केला की कोरी जागा पाणी धरते आणि छपाईची शाई फक्त अक्षरांवर बसते. छापील असूनही ते कुणाचं तरी हस्ताक्षरच! गणपत कृष्णाजींनी १८३१ साली मुंबईत पंचांग छापलं ते असंच. शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसं छापील पोथीला शिवेनात, तेव्हा गणपत कृष्णाजींनी शाईत तूप वापरलं. १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपुरात मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण खिळ्यांनी छापलं गेलं, त्याच वर्षी मिरजेत गीता तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली. दोन्हींचा मजकूर नव्यानं टाइप केला, तर हे अंतर कुठे दिसणार?

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ब्रिटिश मुलखात १८६७ पासून कायद्यानं पुस्तकांची नोंद होऊ लागली, त्यामुळे काय छापलं गेलं ते याद्यांतून समजतं. पण निजामाच्या बीदरपर्यंत त्यातलं काय पोचलं, कुणी वाचलं, हे घरातली प्रतच सांगते. समासात मोडीतला हिशेब असतो, मलपृष्ठावर मालकाचं नाव उर्दूत, एखाद्या अध्यायावर हळदीकुंकवाचे डाग. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये डाग नाहीसे होतात, फिकट मोडी उडून जाते, चित्रातल्या देवांच्या चेहऱ्यावरच्या बारीक रेषा तुटतात. म्हणून आता मी रंगीतच स्कॅन करतो, चारशे डीपीआयवर, कोऱ्या पानांसकट. मागची अक्षरं पुढे उमटू नयेत म्हणून पानामागे काळा कागद ठेवतो. सुट्या पानांच्या पोथीला साधा सपाट स्कॅनर चालतो. शिवलेलं पुस्तक त्यावर दाबू नये, कणा तुटतो. त्याचा वरून फोटो घ्यावा.

मूळ प्रत घरातून हलवू नये, हे मत मात्र तेव्हा होतं तसंच आजही आहे. स्कॅनर गाडीवर घालून न्यावा आणि फाइल त्याच दिवशी घरच्यांच्या हाती द्यावी. चिंध्यांच्या लगद्याचा जुना कागद अजून धड आहे. त्यानंतर आलेल्या, लाकडाच्या लगद्याच्या कागदाचे हात लावताच तुकडे पडतात. भालकीकडची बरीचशी घरं राहिली आहेत आणि तिथल्या पोथ्या या दुसऱ्या कागदाच्या आहेत. पावसाळ्याआधी तिकडे जायचं आहे.