फरशीवरची रेषा

आज नववीच्या तासाला बाकं भिंतीकडे सरकवली. वर्गातल्या चौकोनी शहाबादी फरश्या म्हणजे आयता आलेखकागद! खडूनं दोन अक्ष ओढले, मधे आरंभबिंदू. फळ्यावर लिहिलं: क्ष + य = ४. समीकरणात बसणारे निर्देशक शोधायचे आणि त्या कोपऱ्यावर जाऊन उभं राहायचं.

(०, ४), (१, ३), (२, २)... पाच जण उभे राहिले. हातात सुतळी दिली, ताणली, तर पाचही जण एका रेषेत! वर्ग क्षणभर गप्प. देकार्तनं १६३७ मध्ये बीजगणिताची भूमितीशी गाठ घातली, हे मी दरवर्षी सांगते. आज ती गाठ मुलांच्या मुठीत होती.

मग एरवी मान खाली घालून बसणारी एक मुलगी उठली आणि अक्ष ओलांडून चौथ्या चरणात गेली. "बाई, (५, −१) पण चालतं ना? मग सुतळी तिथंच का थांबवली?"

रेषेला टोक नसतं, हे मी कितीदा पाठ करून घेतलंय! तिला ते आज स्वतःहून सापडलं. आलेखवही हवीच, पण पायांनी चालून झाल्यावर.

उद्या क्ष − य = २ साठी दुसरी सुतळी न्यायची आहे. दोन्ही (३, १) वर भेटतील.