बलिद्वीपाचें परतीचें तिकीट

बलिद्वीपांत पाऊल ठेवतांच ‘ओम् स्वस्त्यस्तु’ असें अभिवादन कानीं पडतें आणि संस्कृत शिकलेल्याचें मन भरून येतें. पण त्याआधीं मुंबईच्या विमानतळावर एक रुक्ष प्रश्न येतो : ‘परतीचें तिकीट कोठें आहे?’

भारतीय उतारूस तेथें पोंचल्यावर ५,००,००० रुपिया भरून ३० दिवसांचा व्हिसा मिळतो. मात्र पासपोर्टाची मुदत निदान सहा महिने उरलेली हवी आणि इंडोनेशियाबाहेर जाण्याचें तिकीट हवें. तें विमान कंपनीच आधीं पाहते, कारण प्रवेश नाकारलेल्या उतारूस माघारा आणण्याचा भार तिच्यावर पडतो. आमच्यापुढचें एक तरुण जोडपें एकेरी तिकिटामुळें अडलें. बिचाऱ्यांनीं उभ्या उभ्या महागाचें तिकीट काढलें. खोटें तिकीट दाखवा, असें सुचविणारे शहाणेहि भेटतात. त्यांचें ऐकूं नये. निवृत्त माणसास तारखेचें बंधन नको वाटतें. त्यानें चार पैसे अधिक मोजून तारीख बदलतां येण्याजोगें तिकीट घ्यावें.

तें बलीहूनच निघणारें असावें असें मात्र नाहीं. आम्हीं जाकार्ताहून परतीचें घेतलें होतें. त्यामुळें गिलिमानुकच्या धक्क्यावरून नावेनें जावा बेट गांठलें आणि आगगाडीनें जोगजाकार्तास जाऊन प्रंबानन पाहिलें. नवव्या शतकांतील त्या शिवालयाच्या कठड्याच्या आंतल्या अंगास रामकथा कोरली आहे. प्रदक्षिणा घालीत ती वाचावयाची. तेथें कथा सेतुबंधनापर्यंत येते. पुढील युद्ध पाहण्यास शेजारच्या ब्रह्मदेवाच्या मंदिरांत जावें लागतें.