फावलं कुणाचं?

शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं, ही म्हण आताशा माझी पाठ सोडत नाही. बॉस्टनजवळच्या आमच्या घरात बोका आहे. शिंकं नाही, आणि ते टांगायला आढंही नाही. तरी म्हण आहेच.

तिच्यात एक गोष्ट खटकते. ती सांगणारा नेहमी घरधनी असतो. शिंकं टांगलं त्यानं, दोरी कुजू दिली त्यानं, आणि कुत्सित सूर मात्र बोक्याच्या वाट्याला. बोका भुकेला होता का, दूध प्यायल्यावर पुढे त्याचं काय झालं, याची चौकशी नाही. फावलं, एवढ्यावर म्हण संपते. आणि ‘फावलं’ हेही घरधन्याचंच मत.

आमच्या बोक्याचं नाव पंत. पंत दिवसभर खातात आणि अंगावरून हात फिरवला की मणके लागतात. रात्री जिन्यात उभे राहून मोठ्यानं ओरडतात. उतारवयातही फ्रिजच्या माथ्यावर उडी मारतात. पाहुणे कौतुक करतात, ‘काय तरतरी आहे!’ ही तरतरी अतिसक्रिय थायरॉइडची आहे. मांजरांचा हा आजार १९७९-८०च्या सुमारास पहिल्यांदा नीट नोंदला गेला. आता म्हाताऱ्या मांजरांत तो सर्रास आढळतो. डबाबंद खाणं, घरातल्या फर्निचरमधली आगरोधक रसायनं, अशा अनेकांवर संशय आहे. गुन्हा कुणावरच शाबीत नाही.

उपाय आहे, आणि तो फार हुशार आहे. थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागतं, ते ती रक्तातून ओढून घेते. बिघडलेल्या पेशी तर हपापलेल्याच. साधं आयोडीन कोणतं आणि किरणोत्सारी आयोडीन-१३१ कोणतं, हे त्यांना ओळखता येत नाही. कातडीखाली एक इंजेक्शन द्यायचं; पेशी ते गोळा करतात आणि त्यातून निघणाऱ्या बीटा कणांनी मरतात. हे कण एक-दोन मिलिमीटरच्या पलीकडे फारसे जात नाहीत. रक्तात हॉर्मोन आधीच उतू जात असल्यानं पिट्युटरी ग्रंथीनं थायरॉइडला हुकूम सोडणं थांबवलेलं असतं. त्यामुळे निरोगी पेशी स्वस्थ पडून असतात आणि बहुतांशी वाचतात. शंभरातली पंचाण्णवच्या आसपास मांजरं एका इंजेक्शनात बरी होतात. म्हणजे इथे शिंकं तुटत नाही, आपणच ते खाली सोडतो. आणि दुधात काय कालवलंय ते बोक्याला सांगत नाही.

ही युक्ती बॉस्टनचीच. १९३६ साली भौतिकीवरच्या एका व्याख्यानानंतर सॉल हर्ट्झ या डॉक्टरांनी विचारलं होतं, आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल का? आधी सशांवर प्रयोग झाले आणि १९४१ साली मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पहिल्या रुग्णाला ते दिलं गेलं. सशांकडून माणसाकडे, माणसाकडून मांजराकडे.

मधल्या टप्प्यावर माझी मावशी येते. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये तिला हेच आयोडीन पाजलं होतं, तुर्भ्याच्या अणुभट्टीत तयार झालेलं. त्याआधीची मावशी म्हणजे लालबागच्या चाळीतली वीज. पहाटे पाणी भरणं, दहाजणांचा स्वयंपाक, दुपारी पापड, रात्री दोनपर्यंत शिलाई मशीन. हात कापायचे, डोळे मोठे दिसायचे, आणि सगळे म्हणायचे, बाई असावी तर अशी! औषध घेतल्यावर काही दिवस लहान मुलांपासून लांब राहायला सांगितलं. दोन खोल्यांत लांब कुठे राहणार? डोंबिवलीला मामाची जागा रिकामी होती, तिथे ती गेली. परत आली ती भरल्या अंगानं. पुढे थायरॉइड उलटं मंदावलं, रोजची गोळी कायमची लागली. दुपारी ती झोपू लागली. पापड विकतचे आले. आणि घरात कुजबूज सुरू झाली, मावशी पूर्वीची राहिली नाही.

पूर्वीची म्हणजे आजारी. शिंकं तिच्या गळ्यातलं तुटलं होतं आणि फावलं होतं आम्हा सगळ्यांचं. मी तिला पुढे एकदा विचारलं, ‘मावशी, तेव्हा बरं होतं की आता?’ ती म्हणाली, ‘तेव्हा कामं व्हायची रे.’ हे ती कोणत्या सुरात म्हणाली, ते मी अजून आठवून पाहतो. कधी वाटतं, सुटल्याच्या. कधी अगदी उलट.

पंतांना हे इंजेक्शन दिलं, तर नंतर काही दिवस दवाखान्यातच वेगळं ठेवतील. किती, ते राज्याराज्याच्या नियमांवर. या आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवसांचं, म्हणून घरी आल्यावरही त्यांच्या शी-शूच्या मातीची पिशवी काही काळ बाजूला ठेवायची. लगेच कचऱ्यात गेली तर कचरा डेपोच्या दारातलं यंत्र बोंब मारू शकतं. डोंबिवलीत मावशीचं काय झालं, ती रडली की कुणी हाक मारत नाही म्हणून सुखावली, हे तिनं कधी सांगितलं नाही. पंत तर सांगणारच नाहीत.

शिवाय किडनीची मेख आहे. धावतं हृदय किडनीतून जास्त रक्त ढकलतं, त्यामुळे तिचा दुबळेपणा झाकला जातो. थायरॉइड ताळ्यावर आलं की तो उघडा पडू शकतो. म्हणून डॉक्टर म्हणतात, आधी गोळ्या देऊन बघू. गोळ्या थांबवता येतात, दिलेलं आयोडीन परत काढता येत नाही. हे सरळ आहे, मला पटतं. पण पंत उद्या शांत झाले, जिन्यात ओरडेनासे झाले, तर मला बरं वाटेल. त्यांना बरं वाटलं म्हणून, की माझी झोपमोड थांबली म्हणून, हे काही मला निवडता येत नाही. उपचार टाळावा, तर तोही भूतदयेचा निर्णय की ती फ्रिजवरची उडी अजून थोडे दिवस बघण्याचा हव्यास? लालबागमध्ये आम्हालाही मावशीची चपळाईच आवडायची.